बर्फात बसायची पँट

पावसाळ्यात स्कूटर चालवणाऱ्या माणसाला स्की पँटबद्दल निम्मं आधीच कळलेलं असतं, फक्त ते त्याच्या लक्षात आलेलं नसतं. रेनसूट नवाकोरा असतो, दुकानदाराने 'हंड्रेड पर्सेंट वॉटरप्रूफ' म्हणून गळ्यात मारलेला असतो, आणि तरी चाळीस मिनिटांनी ऑफिसात उतरावं तर नेमकी एकच जागा ओली: बूड. गुडघे कोरडे, पोटऱ्या कोरड्या, आणि बसायच्या जागी चारचौघांत लाज आणणारा डाग. कापड कुठे फाटलेलं नसतं. त्या जागी शिवणी एकत्र येतात, त्यांच्यावर आपण वजन टाकून बसलेले असतो, खाली सीटवर पाण्याचं तळं असतं, आणि पाण्याला तेवढी वाट पुरते. उरलेलं अंग दमट लागतं ते पावसाने नाही, घामाने.

हेच सगळं बर्फात होतं. फरक इतकाच, की पुण्यात ओल्या पँटमध्ये दिवस काढता येतो आणि बर्फात थोड्या वेळात दात वाजायला लागतात. पाणी हवेपेक्षा वीसपटीहून जास्त वेगाने अंगातली ऊब ओढून नेतं.

डिसेंबर-जानेवारीत उत्तराखंडातल्या केदारकंठ्याला ट्रेकला, गुलमर्ग-औलीला स्की शिकायला जाणारी मराठी मंडळी आता पुष्कळ झाली आहेत, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: आयुष्यात एकदा-दोनदा घालायच्या पँटसाठी वीस-पंचवीस हजार का घालवायचे? घालवू नयेत. दोन ते चार हजारांच्या पँटमध्ये काम भागतं. फक्त त्या पैशांत काय आलंय आणि काय आलेलं नाही हे पारखता यायला हवं, आणि आपण नेमकं चुकीचं पारखतो. दुकानात पँट हातात घेतली की आपण जाडी बघतो. जाड म्हणजे ऊबदार, ऊबदार म्हणजे चांगली. पण स्वस्त पँट दगा देते ती बहुतेक वेळा पातळ असते म्हणून नाही, ओली होते म्हणून.

थंडी दोन तऱ्हेची

तापमान उणे १० असेल तर बर्फ पिठासारखा कोरडा असतो. अंगावर पडला तर झटकला की गेला. जानेवारीत गुलमर्गच्या वरच्या उतारांवर, अफरवटच्या सुमारे १३,००० फुटांवर, साधी पँटही बऱ्यापैकी कोरडी राहते, कारण बर्फ वितळेल तेव्हा ना पाणी होणार! खरी परीक्षा शून्याच्या आसपास असते. फेब्रुवारीअखेरीची औली, दुपारचं ऊन, ओला जड बर्फ, लिफ्टच्या खुर्चीवर साचलेलं पाणी. आकडा बघून आपण म्हणतो, उणे १ म्हणजे काहीच नाही. तिथेच स्वस्त पँट हार मानते.

दुसरी उलटी गोष्ट. 'मी तर नवशिक्या, मला साधी पँट चालेल' असं प्रत्येक जण म्हणतो. पण पट्टीचा स्कीअर दिवसभर उभा असतो. नवशिक्या दिवसभर बसलेला असतो. मी औलीला सात दिवसांचा कोर्स केला तेव्हा पहिल्या दिवशी किती वेळा पडलो ते दुपारपर्यंत मोजलं आणि मग सोडून दिलं. पडायचं, बुडावर बसून श्वास घ्यायचा, एक गुडघा टेकून निसटलेली स्की बुटाला पुन्हा लावायची, उठायचं, चार हात जायचं, पडायचं. म्हणजे बूड आणि गुडघे यांचा बर्फाशी जितका संबंध माझा आला, तितका प्रशिक्षकाचा वर्षभरात येत नसेल. जलरोधक पँटची गरज त्याच्यापेक्षा मला जास्त होती.

लेबलवरचा आकडा

पँटच्या लेबलवर ५,००० मिमी, १०,००० मिमी, २०,००० मिमी असं काहीतरी छापलेलं असतं. याचा अर्थ सोपा आहे. कापडावर पाण्याचा दाब हळूहळू वाढवत नेतात. कापडाच्या दुसऱ्या बाजूला तीन ठिकाणी थेंब उमटले की थांबतात. त्या क्षणी पाण्याचा दाब जितक्या उंचीच्या स्तंभाइतका होता, ती उंची म्हणजे तो आकडा. १०,००० मिमी म्हणजे दहा मीटर उंच पाण्याचा दाब. विहिरीत तीस-बत्तीस फूट खाली जावं तेवढा. हा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो होतो, आणि ही गोष्ट फार कामाची आहे, कारण यावरून आपला स्वतःचा हिशेब करता येतो.

सत्तर किलोचा माणूस स्की लावताना एक गुडघा टेकतो. निम्मा भार गुडघ्यावर धरा, पस्तीस किलो. गुडघ्याचा टेकणारा भाग चाळीसेक चौरस सेंटिमीटर. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.९ किलो. पँट ५,००० ची असेल तर ओल्या बर्फावर ती इथे कमी पडणार, १०,००० ची असेल तर जेमतेम निभावणार. बसताना भार बराच पसरतो, दाब कमी होतो. पण आपण बसतो जास्त वेळ, आणि बसतो शिवणीवर. म्हणून माझा ढोबळ हिशेब असा: कोरड्या बर्फातल्या ट्रेकला ५,००० पुरे, स्की शिकायला १०,००० च्या खाली जाऊ नका, आणि २०,००० चे पैसे हौस असेल तरच द्या. लेबलवर नुसतंच 'वॉटर रेझिस्टंट' लिहिलंय आणि आकडा नाही, तर ती पँट पाणी थोडा वेळ थोपवते, पुरतं अडवत नाही, असं समजून चालायचं.

एक मेख मात्र आहे. ही चाचणी होते कापडाच्या तुकड्याची, शिवलेल्या पँटची नाही. शिलाई मशीनची सुई दर टाक्याला कापडाला भोक पाडते. एका पँटमध्ये अशी हजारो भोकं. ती बुजवायला शिवणीवर आतून गरम करून पट्टी चिकटवतात, तिला टेपिंग म्हणतात. महागड्या पँटला सगळ्या शिवणींवर पट्टी असते. मधल्या किमतीत 'क्रिटिकली टेप्ड', म्हणजे मोजक्याच शिवणींवर. अगदी स्वस्तात काहीच नसतं, आणि तरी लेबलवर १०,००० छापलेलं असतं. खोटं नसतं ते. कापड आहेच तेवढं.

म्हणून दुकानात पहिली गोष्ट, पँट उलटी करा. अस्तर असेल तर कुठे उघडी जागा मिळते का बघा, नाही तर अस्तरावरून शिवण चिमटीत धरून चाचपा. पट्टी असेल तर शिवण जरा कडक, प्लॅस्टिकसारखी लागते. बुडाची मधली शिवण, दोन पायांच्या मधला जोड आणि गुडघ्याखालची आडवी शिवण, या तीन जागी पट्टी असेल तर बाकीचं माफ. पायांच्या जोडात चार शिवणी एका बिंदूला मिळत असतील तर ती जागा सर्वात आधी उसवते आणि गळतेही. तिथे वेगळा चौकोनी तुकडा घातलेला असेल तर शिवणाऱ्याने विचार केलाय असं समजा.

अळूचं पान

जलरोधक पँटमध्ये दोन वेगळ्या गोष्टी काम करतात आणि त्यांची नेहमी गल्लत होते. आतल्या बाजूला असतो पाणी अडवणारा थर. महाग पँटमध्ये तो सूक्ष्म छिद्रांचा पडदा असतो; गोर-टेक्स हे त्यातलं सर्वात प्रसिद्ध नाव. स्वस्त पँटमध्ये बहुतेक वेळा पॉलियुरेथेनचा लेप. बाहेरच्या कापडावर असते ती निराळी रासायनिक प्रक्रिया, जिच्यामुळे पाणी अळूच्या पानावरून ओघळावं तसं मोती होऊन ओघळतं. नवी पँट अशीच अळूच्या पानासारखी असते. चार-सहा धुण्यांनंतर, बसून-घासून, ते पान साध्या कापडासारखं होतं: पाणी थांबतं, पसरतं, कापड गडद दिसायला लागतं.

तेव्हा लोक म्हणतात, पँट गळायला लागली. आतला थर बहुतेक वेळा शाबूत असतो. पण बाहेरचं कापड भिजून बसलं की घामाची वाफ बाहेर पडत नाही, ती आतच गार पडून पाणी होते, आणि ओल नक्की कुठून आली हे कळायला मार्ग राहत नाही. उपाय स्वस्त आहे. सौम्य लिक्विड साबणाने धुवा, भरपूर पाण्यात खळबळा, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, आणि लेबलवर परवानगी असेल तर वर सुती कापड ठेवून अगदी कोमट इस्त्री फिरवा. उष्णतेने ती प्रक्रिया बरीचशी पुन्हा जागी होते. तेवढ्यानेही जमलं नाही तर ती प्रक्रिया नव्याने चढवणारा फवारा मिळतो.

घामाचा आकडा वेगळा असतो: एक चौरस मीटर कापडातून चोवीस तासांत किती ग्रॅम वाफ बाहेर जाते. यावर मी फार विश्वास ठेवत नाही. ही चाचणी करायच्या पद्धती चार-पाच आहेत, तेच कापड एकीत कमी आणि दुसरीत दुप्पट भरतं, आणि लेबलवर पद्धत क्वचितच लिहिलेली असते. एकाच कंपनीच्या दोन पँटची तुलना करायला आकडा ठीक, दोन कंपन्यांची करायला नाही. त्यापेक्षा मांडीला चेन आहे का ते बघा. आतल्या किंवा बाहेरच्या बाजूने वीतभर चेन, जी चढावर उघडता येते. कितीही श्वास घेणारं कापड असलं तरी उघड्या खिडकीची सर त्याला नाही. आणि ती चेन हातमोजे घालून उघडता येते का हे दुकानातच करून बघा. बोटांच्या चिमटीत येणार नाही एवढी चिमुकली खुंटी असेल तर तिला दोरीचा तुकडा बांधून घ्यावा लागेल. सोपं आहे, पण घरूनच करून न्या.

ऊब येते कुठून

गोधडीत ऊब कशाने येते? जुन्या लुगड्यांच्या थरांमध्ये अडकलेल्या हवेने. पँटमधल्या पॉलिएस्टरच्या भरणीचंही तेच. ४० ग्रॅम, ६० ग्रॅम, ८० ग्रॅम असं जे लिहितात ते एका चौरस मीटरमागे भरणीचं वजन. पण गोधडी दाबून बसलं की त्या जागी हवा उरत नाही. तशीच पँट घट्ट असली, किंवा भरणीवर बसलात, की त्या जागची ऊब संपली. घट्ट जाड पँटपेक्षा सैल पातळ पँट आणि आत एक थर, हे जास्त गरम.

आणि ट्रेकला जाणाऱ्यांनी तर भरणीची पँट चालायला घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. केदारकंठ्याचा माथा १२,५०० फुटांवर. पहाटे अंधारात निघायचं, थंडी उणे १० च्या आसपास, म्हणून सगळे जाडजूड पँट चढवून निघतात. अर्ध्या तासात चढ अंगावर येतो आणि मांड्यांचे स्नायू म्हणजे माणसाच्या अंगातल्या सर्वात मोठ्या स्नायूंपैकी, भट्टीच पेटते. घाम आतल्या थर्मलमध्ये मुरतो. मग कुठेतरी रांग थांबते, वारा सुटतो, आणि तोच घाम गार पडतो. मी याच वाटेवर एक नामांकित गल्लीतून घेतलेली 'मायनस २० टेस्टेड' पँट घालून कुडकुडलो आहे. शेजारचा गाइड साध्या पातळ पँटमध्ये बिडी ओढत उभा होता.

'मायनस २०' या शिक्क्याला तसाही अर्थ नाही. माणूस चालतोय की उभा आहे, आत काय घातलंय, वारा किती, यावर सगळं अवलंबून. तीच पँट चालताना भट्टी असते आणि उभ्या-उभ्या अपुरी.

शिकागो किंवा टोरंटोला राहणाऱ्यांचं मात्र वेगळं. घरासमोरचा बर्फ उपसायचा, मुलाच्या स्कूलबससाठी थांब्यावर उभं राहायचं, थोडा वेळच बाहेर आणि हालचाल कमी. तिथे भरणीची पँट खुशाल घ्या, शिवणीच्या पट्ट्यांची एवढी चिंता नको. तिकडच्यांना आणखी एक सोय आहे, हंगाम संपता-संपता लागणारे सेल आणि जुन्या सामानाची दुकानं. एखाद-दुसऱ्या हंगामात वापरलेली चांगली पँट नव्या स्वस्त पँटहून बरी.

आत काय घालायचं? सुती काही नाही. जीन्स तर नाहीच. ती भिजली की वाळत नाही आणि गोठली की पत्रा होते. पॉलिएस्टरचं थर्मल किंवा परवडत असेल तर मेरिनो लोकरीचं, वर फार थंडी असेल तर पातळ फ्लीस, त्यावर बिनभरणीची जलरोधक पँट. तिन्ही वेगवेगळे असले की दुपारी एक काढता येतो.

घोट्यापाशी

स्कीसाठीची पँट आणि नुसती 'स्नो पँट' यांतला फरक खाली घोट्याशी दिसतो. स्की पँटच्या आत आणखी एक छोटी बाही असते, तिला रबरी इलॅस्टिक. ती बुटावर चढवली की बर्फ आत शिरत नाही. दुसरं म्हणजे पायाच्या आतल्या बाजूला, घोट्याजवळ, जाड कापडाचा ठिगळासारखा तुकडा. तो शोभेचा नसतो. स्कीच्या कडा पोलादी असतात, आणि नवशिक्याच्या स्की एकमेकींवर चढतात. माझ्या पँटला तो तुकडा नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी डाव्या पायाच्या आत ब्लेडने कापावं तशी चार बोटं लांब चीर पडली, आणि मग दर वेळी पडलो की मूठभर बर्फ सरळ पोटरीपर्यंत. खोलीवर येऊन चंदेरी चिकटपट्टी गुंडाळली. उरलेला कोर्स त्या पट्टीवर झाला.

कंबरेचं थोडक्यात: मागून उंच हवी, बाजूला वेल्क्रोने घट्ट-सैल करता यावी. खांद्यावरून पट्टे असलेली बिब पँट पडताना उत्तम, कमरेतून बर्फ शिरतच नाही. पण कॅम्पवर टॉयलेटचा तंबू म्हणजे खणलेला खड्डा असतो, अंगावर चार थर असतात, बाहेर रांग असते, आणि बिबचे पट्टे जॅकेटच्या आत असतात. ट्रेकला बिब नको. दुकानातही पँट घालून उकिडवं बसून बघा, आत थर्मल घालून. गुडघ्याला ओढ बसत असेल, किंवा मागून कंबर उघडी पडत असेल, तर एक नंबर वरची घ्या.

न्हाणीघरातली परीक्षा

गेल्या डिसेंबरात भाच्याने ऑनलाइन दोन पँट मागवल्या. एक अठराशेची, एक बत्तीसशेची, दोन्हींवर १०,००० लिहिलेलं. "मामा, सांग ना, कुठली ठेवू?" मी म्हटलं, आपण कशाला सांगायचं, तिलाच विचारू. न्हाणीघराच्या फरशीवर जाड टॉवेल चौपदरी करून ठेवला, पाण्याने निथळता केला. पँटच्या आत गुडघ्यापाशी टिश्यू पेपरची घडी. आणि भाच्याला त्यावर गुडघे टेकून बसवला, घड्याळ लावून पाच मिनिटं, मधूनमधून भार इकडून तिकडे. ताई दारातून डोकावली. "नवस-बिवस बोललायस का रे?"

स्वस्तातल्या पँटमधून टिश्यू काढला तर मधोमध कोरडा, आणि खालच्या कडेला एक सरळ ओली रेघ. जणू फूटपट्टी लावून आखलेली. गुडघ्याखालची आडवी शिवण. कापडाने आपलं काम चोख केलं होतं. दुसरीचा टिश्यू कोरडा निघाला. मग टॉवेलवर मांडी घालून बसायची परीक्षा, तीही तीच पँट पास झाली. (परत करायची असेल तर कंपनीची अट आधी वाचा आणि पँट नीट वाळवा. आम्ही अठराशेची परत केली नाही, ती आता त्याच्याकडे पावसात स्कूटरला आहे.)

वाफेची परीक्षाही घरी होते. स्टीलच्या पेल्यात उकळतं पाणी, वर पँटचा एकेरी कापडाचा भाग ताणून रबरबँड, कापड पाण्याला लागू द्यायचं नाही, आणि वर बोटभर अंतरावर फ्रीजमधली गार ताटली धरायची. ताटलीवर धुकं जमलं तर वाफ बाहेर येतेय. ताटली लख्ख राहिली तर तुम्ही पैसे देऊन प्लॅस्टिकची पिशवी घेतली आहे. यातून नेमका आकडा कळत नाही, पण पिशवी आहे की नाही एवढं कळतं.

ज्यांना एकच दिवस बर्फात खेळायचं आहे त्यांनी मनालीहून वर जाताना रस्त्याकडेच्या नंबरवाल्या दुकानांतला भाड्याचा सूट घ्यावा. घालण्यापूर्वी आतून हात फिरवून तो आदल्या माणसाचा ओला तर नाही ना, एवढं बघावं.

आणि आणली पँट घरी, तर पुढची काळजी आपल्या हवेची. पॉलियुरेथेनचा लेप दमट उष्णतेत हळूहळू कुजतो, आणि कोकणातला किंवा मुंबईतला जून ते सप्टेंबर म्हणजे दमट उष्णताच. घडी घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत माळ्यावर टाकू नका. पूर्ण वाळवून, हवा लागेल अशी कपाटात टांगा. माझी चिकटपट्टीवाली पँट मी पिशवीत घालून माळ्यावर टाकली होती. चौथ्या वर्षी काढली तेव्हा आतला लेप बोटांना गुळासारखा चिकटत होता, आणि झटकल्यावर पापडाच्या लाटीवरचं पीठ उडावं तसे पांढरे पापुद्रे घरभर झाले. बाहेरून ती अजून नवीच दिसत होती.